निदानाची किंमत : ट्रॅक्टरचा स्टार्टर आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी दिल्ली व गुरुग्राम परिसरात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे गुरुग्राम येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



कृषी यांत्रिकीकरण हा विषय तुमच्या अभ्यासक्रमात आहे आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे तुम्ही कशी लिहिता, हे सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासताना मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. दर हेक्टरी उपलब्ध शक्ती, अनुदानाचे प्रमाण, अवजारे बँका, धारणक्षेत्राचे तुकडीकरण आणि शेवटी पुढील दिशा, असा त्या उत्तरांचा ठरलेला क्रम असतो. त्यात चूक काही नाही. मात्र त्या सर्व उत्तरांत ट्रॅक्टर कायम चालू असतो. बंद पडलेला ट्रॅक्टर मला आजवर एकाही उत्तरपत्रिकेत भेटलेला नाही. म्हणून आज मी बंद पडलेल्या ट्रॅक्टरविषयी, त्यातही त्याच्या एकाच भागाविषयी बोलणार आहे. तो भाग म्हणजे स्टार्टर. आपल्याकडील शेतकरी आणि येथील हरियाणातील शेतकरी, दोघेही त्याला 'सेल्फ' म्हणतात.

आपण ज्या शहरात बसलो आहोत त्या शहराचा आणि ट्रॅक्टरचा काय संबंध, असे तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. २०१६ साली गुडगावचे गुरुग्राम झाले. काचेच्या इमारती, कॉल सेंटर आणि १९८३ साली येथे सुरू झालेला मारुतीचा कारखाना ही या शहराची ओळख. परंतु याच जिल्ह्यात पतौडी, फर्रुखनगर, सोहना या भागांत अजून शेती आहे. पावसाळ्यात बाजरी आणि तिच्यामागून रब्बीत मोहरी व गहू, असा दक्षिण हरियाणाचा जुना पीकक्रम तेथे दिसतो. मोहरीची पेरणी साधारणतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात होते आणि कोरडवाहू जमिनीत ती पुष्कळशी पावसाळ्याच्या उरलेल्या ओलीवर अवलंबून असते. आपण ज्याला वाफसा म्हणतो तो साधण्याचे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर वाफसा थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पाहणीच्या निमित्ताने मी फर्रुखनगरच्या बाजूच्या एका गावी गेलो होतो. ज्यांच्या घरी बसलो होतो त्या शेतकऱ्याकडे सहा एकर जमीन आणि आठ वर्षांचा जुना ट्रॅक्टर होता. दोन दिवसांपासून तो सेल्फ घेत नव्हता. चावी फिरवली की 'टक्' असा एकच आवाज येई आणि पुढे शांतता. दिवे मात्र लख्ख लागत, हॉर्नही खणखणीत वाजे. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मेकॅनिकने हे ऐकून लगेच निकाल दिला होता : दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली. बॅटरी चांगली, म्हणजे सेल्फ जळला. नवीन सेल्फ साडेआठ हजार रुपयांना पडणार होता आणि बसवण्याची मजुरी तीनशे. बाजरीचे पैसे अद्याप हाती आलेले नव्हते. तोवर शेतकऱ्याने ट्रॅक्टर उकिरड्याच्या उंचवट्यावर उभा करून, उतारावरून सोडून, गिअरमध्ये टाकून तो सुरू करण्याचा मार्ग पत्करला होता. एकदा सुरू झाला की दिवसभर बंद करायचा नाही, जेवायला बसले तरी इंजिन चालूच. जळणाऱ्या डिझेलचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. ट्रॅक्टर उतारावर उभा करण्याची ही पद्धत मी लहानपणी राहुरी तालुक्यात माझ्या मामांच्या वस्तीवरही पाहिली होती. एखाद्या गावात किती ट्रॅक्टर उतारावर उभे आहेत हे मोजले, तर त्या गावातील दुरुस्ती सेवेची स्थिती कळेल असे मला वाटते. अशी पाहणी कोणी हाती घेतलेली माझ्या वाचनात नाही, पण ती घेण्यासारखी आहे.

माझ्या नावामागे डॉक्टर लावलेले ऐकून त्या गृहस्थांनी, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला यातले काही कळते का?" असे मोठ्या आशेने विचारले. मला काहीही कळत नव्हते. सुदैवाने गावातच बस आगारात नोकरी करून निवृत्त झालेले एक वृद्ध मिस्त्री होते, त्यांना बोलावण्यात आले. त्यांनी पिशवीतून एक साधा मल्टिमीटर काढला. त्याची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि चावी फिरवायला सांगितले. काटा दोन व्होल्टच्या पुढे गेला. मिस्त्रींनी चावी बंद करायला लावली आणि बॅटरीपासून चॅसीकडे जाणारी जाड अर्थिंगची पट्टी जेथे बोल्टने कसली होती तो बोल्ट सोडला. खाली गंज होता आणि गंजाखाली मागे कधीतरी मारलेला रंग. काचपेपरने जागा घासून चकचकीत केली, बोल्ट कसला, वर थोडे ग्रीस लावले. चावी फिरवताच ट्रॅक्टर सुरू झाला. सारे काम वीस मिनिटांचे.

या वीस मिनिटांत काय घडले हे समजून घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र लागते. तुमच्यापैकी कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये. दहावीतला ओहमचा नियम पुरेसा आहे.

डिझेल इंजिन स्वतःहून सुरू होत नाही. कोणीतरी ते बाहेरून फिरवून, आतील हवा दाबून इतकी तापवावी लागते की फवारलेले डिझेल पेट घेईल. पूर्वी हे काम माणूस लोखंडी हँडल मारून करीत असे आणि हँडल उलटले की मनगट मोडत असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हे काम विजेकडे गेले. ट्रॅक्टरमधील स्टार्टर ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर असते. पारंपरिक बनावटीत तिच्यातील क्षेत्राची वेटोळी आणि फिरते आर्मेचर एकसर जोडणीत असतात, कारण अशी मोटर उभ्या स्थितीतून सर्वाधिक जोर देते. या जोराची किंमत म्हणजे विद्युतधारा. घरातील दिव्याला अर्धा अँपिअरदेखील लागत नाही. ट्रॅक्टरचा स्टार्टर इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर आणि प्रसंगी त्याहून अधिक धारा ओढतो.

आता मिस्त्रींचा बोल्ट पाहा. गंजामुळे तेथे एक शतांश ओहम इतका रोध निर्माण झाला असे समजा. हा रोध इतका लहान आहे की साध्या मीटरवर तो मोजताही येत नाही. दोन्ही दिवे मिळून दहा अँपिअर घेतात. दहा गुणिले एक शतांश म्हणजे एक दशांश व्होल्ट. एवढा दाब वाटेत हरवला तरी दिव्यांच्या उजेडात फरक दिसत नाही. पण तीच वाट स्टार्टरच्या दोनशे अँपिअरना ओलांडायची असते. दोनशे गुणिले एक शतांश म्हणजे दोन व्होल्ट. ओढ पडल्यावर बॅटरीतून जे दहा-साडेदहा व्होल्ट मिळतात, त्यातील दोन एका गंजलेल्या बोल्टखाली नाहीसे होतात आणि स्टार्टरपर्यंत जे पोहोचते त्यात इंजिन हलत नाही. म्हणजे 'दिवे लागतात, म्हणून बॅटरी आणि तारा ठीक' हे अनुमानच चुकीचे होते. ते चुकीचे असूनही देशभर प्रचलित आहे, आणि त्या एका अनुमानापायी किती चांगले स्टार्टर भंगारात गेले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

मिस्त्रींशी त्या दिवशी आणि नंतरही मी पुष्कळ बोललो. त्यांचा तपासणीचा क्रम मी येथे सांगतो. बॅटरी स्थिर असताना पूर्ण भारित असेल तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना. त्या वेळी दाब दहाच्या फार खाली कोसळला, तर आधी बॅटरी चार्ज करून मगच पुढे जायचे. बॅटरी टिकली तर तारा : धन टोकापासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टहून अधिक घट नको, अर्थिंगच्या बाजूला त्याहूनही कमी. हे माप चावी फिरवलेली असतानाच घ्यायचे, एरवी त्याला अर्थ नाही. नंतर चावीचा स्विच, आणि क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा सुरक्षा स्विच. चावी फिरवून आवाजच आला नाही, तर दोष बहुधा याच भागात असतो. एकच 'टक्' येऊन थांबले, तर तारांकडे, सोलेनॉइडच्या आतील तांब्याच्या संपर्कांकडे किंवा ब्रशांकडे पाहायचे. 'टकटकटक' अशी माळ लागली, तर बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी. मोटर जोरात घरघर फिरते पण इंजिन ढिम्म, असे असेल तर पुढचा बेंडिक्स निसटतो आहे. 'खर्रर' असा आवाज आला, तर दाते. फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते सगळीकडे सारखे झिजत नाहीत, कारण इंजिन थांबताना ठरावीक दोन-तीन जागीच थांबते. म्हणून हाताने इंजिन थोडे फिरवले आणि सेल्फ लागला, तर दोष रिंगमध्ये आहे हे कळते. आणि या सर्वांआधी इंजिन मुळात फिरते आहे ना, सिलिंडरमध्ये पाणी शिरून ते जाम तर झालेले नाही ना, हे पाहायचे, अशी त्यांची ताकीद होती.

एवढे होऊनही संशय स्टार्टरवरच राहिला, तरच तो खाली उतरवायचा, तोही बॅटरीचे ऋण टोक आधी सोडून. खाली उतरवला म्हणजे बदलायचाच असेही नाही. ब्रश झिजून निम्मे झाले असतील तर नवीन ब्रश आणि स्प्रिंगा. कॉम्युटेटर काळा पडला असेल तर बारीक काचपेपर. तेथे एमरी पेपर वापरायचा नाही, कारण त्याचे कण वीजवाहक असू शकतात आणि पट्ट्यांमधल्या फटीत अडकतात. बुश ढिले झाले असतील, तर आर्मेचर कडेच्या लोखंडाला घासते आणि सेल्फ जड फिरतो. नवीन बुश ठोकणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. सोलेनॉइडमधील तांब्याच्या बोल्टचे तोंड एका बाजूने जळाले असेल, तर मिस्त्री तो बोल्ट अर्धा फिरवून न जळालेली बाजू पुढे आणतात. या साध्या युक्तीने सोलेनॉइड आणखी काही वर्षे चालतो. आर्मेचरची वेटोळीच जळाली असतील, तेव्हा मात्र रिवाइंडिंग किंवा नवीन स्टार्टर, आणि तेव्हा नवीन घेणे हेच शहाणपणाचे असू शकते. प्रत्येक दुरुस्ती ही काटकसर असते असा माझा दावा नाही.

या क्रमात एक अर्थशास्त्रीय तत्त्व दडलेले आहे. तपासणी स्वस्त, सोप्या आणि वारंवार आढळणाऱ्या दोषापासून सुरू होते आणि महाग, अवघड दोषाकडे जाते. शक्यता आणि खर्च या दोहोंचा एकत्र विचार करून घेतलेला तो निर्णय आहे. तालुक्याच्या मेकॅनिकने नेमका उलटा प्रवास केला. तो अडाणी होता किंवा लबाड होता असे म्हणून विषय संपवता येत नाही. त्याने तसे का केले, हा आपल्या विषयाचा गाभा आहे.

त्यासाठी त्या दिवसाचा शेवट सांगायला हवा. काम झाल्यावर मिस्त्रींनी दोनशे रुपये मागितले. ज्या गृहस्थांचे साडेआठ हजार वाचले होते, त्यांनी शंभराची नोट पुढे केली आणि म्हणाले, "ताऊ, एक बोल्टच तर कसलात." मिस्त्रींनी नोट घेतली आणि ते गेले. याच गृहस्थांनी नवीन सेल्फ बसवणाऱ्याला तीनशे रुपये मजुरी कुरकुर न करता दिली असती, आणि त्या मेकॅनिकला दुकानदाराकडून सुट्या भागावर कमिशन मिळाले असते ते वेगळेच. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूची किंमत आपण देतो. दोष नेमका कोठे आहे हे सांगणाऱ्या ज्ञानाची किंमत द्यायला आपण तयार नसतो. मग ज्याला पोट भरायचे आहे तो मेकॅनिक ज्ञान विकणार नाही, वस्तू विकेल.

अर्थशास्त्रात या परिस्थितीचा अभ्यास झालेला आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला माहिती असते आणि ग्राहकाला नसते, तेव्हा चांगला माल बाजारातून हटत जातो. २००१ चे नोबेल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले, हे तुम्हाला पाठ असेलच. परंतु आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांचा १९७३ चा लेख. काही सेवा अशा असतात की त्या घेतल्यानंतरदेखील त्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला कळत नाही, असे त्यांनी मांडले. आंबा गोड आहे की नाही हे खाल्ल्यावर कळते. नवीन सेल्फ बसवल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला, तर जुना खरोखर जळाला होता का, हे मात्र कधीच कळत नाही. किंबहुना नवीन सेल्फ बसवताना मेकॅनिक तारा सोडतो, टोके घासतो, बोल्ट पुन्हा कसतो आणि नकळत मूळ दोष दूर होतो! ग्राहक समाधानी, मेकॅनिक समाधानी, आणि चुकीच्या निदानाला यशाचे प्रमाणपत्र. जो निदान करतो तोच उपचार विकतो आणि निदानाला वेगळी किंमत नसते, तेथे गरजेपेक्षा जास्त उपचार विकला जाण्याकडे कल असतो. वैद्यकीय क्षेत्राबाबत हे तुम्ही सहज लिहाल. ट्रॅक्टरबाबत ते लिहायला कोणी शिकवत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. शेतीतील यंत्राच्या बिघाडाचा खर्च सुट्या भागाच्या किमतीत मोजता येत नाही. पेरणी लांबली की उत्पन्न घटते, आणि ही घट यंत्राच्या कोणत्याही बिलावर दिसत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आणि ८६ टक्क्यांहून अधिक खातेदार अल्प व अत्यल्पभूधारक. यांतील बहुतेक जण स्वतःचा ट्रॅक्टर बाळगत नाहीत, भाड्याने घेतात. म्हणजे गावातील एक ट्रॅक्टर बंद पडला, की मालकासोबत त्याच्यामागे रांगेत उभे असलेले आठ-दहा शेतकरी अडतात, आणि रांगेत शेवटी कोण असतो हे सांगायला नको.

आता थोडे इतिहासाकडे. १९६१-६२ मध्ये भारतात ८८० ट्रॅक्टर तयार झाले. २०२२-२३ मध्ये देशांतर्गत विक्रीच नऊ लाखांवर गेली. या प्रवासाचा मोठा भाग याच हरियाणात घडला आहे. आयशरचा ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला तयार झाला. एस्कॉर्ट्सचे कारखानेही फरिदाबादलाच उभे राहिले, आणि ती कंपनी २०२२ पासून एस्कॉर्ट्स कुबोटा म्हणून ओळखली जाते. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली. महाराष्ट्रातील कित्येक वस्त्यांवर पहिला ट्रॅक्टर आला तो एचएमटीचाच. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाच्या गुणदोषात मी शिरत नाही. पण कंपनी बंद होते तेव्हा तिचे ट्रॅक्टर बंद होत नाहीत. ते शेतात पुढे कित्येक वर्षे चालत राहतात, आणि तेव्हा त्यांचा आधार असतो तो गावातील मिस्त्री, रिवाइंडिंगचे दुकान आणि येथून जवळच असलेल्या दिल्लीच्या काश्मिरी गेटसारख्या सुट्या भागांच्या बाजारपेठा. उत्पादनाच्या आकडेवारीत हा आधार मोजला जात नाही.

शासनाने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये आणि हरियाणातील हिसार येथे १९६३ मध्ये कृषी यंत्रांचे प्रशिक्षण व चाचणी करणाऱ्या केंद्रीय संस्था सुरू झाल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. शेतीतील कौशल्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय कृषी कौशल्य परिषदेचे कार्यालय तर याच गुरुग्राममध्ये आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाद्वारे अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभी राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या यादीकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी : निधीचा आणि सवलतीचा ओघ प्रामुख्याने यंत्र विकत घेण्याकडे आहे. घेतलेले यंत्र दहा वर्षे चालत ठेवण्याचा भार शेतकऱ्यावर आणि ज्याला कोणी मोजत नाही त्या मिस्त्रीवर आहे.

'दुरुस्तीचा हक्क' ही संज्ञा तुम्ही टिपणांत लिहून ठेवली असेल. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली आणि जी चार क्षेत्रे निश्चित केली त्यांत शेतीची अवजारे आहेत. इतर तीन म्हणजे मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये खास शेती यंत्रांसाठी असा कायदा केला, कारण तेथील ट्रॅक्टरमधील दोष शोधण्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि शेतकरी स्वतःच्याच यंत्रापुढे हतबल होतो. आपल्याकडे ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवीन उत्सर्जन मानके लागू झाल्यावर त्या वर्गात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण वाढले आहे. त्याहून लहान ट्रॅक्टर, आणि आपल्या शेतात चालणारे बहुसंख्य ट्रॅक्टर लहानच आहेत, अजून मीटर आणि कान यांच्या आधारे तपासता येतात. हा काळ किती वर्षे टिकेल हे सांगता येत नाही. तो आहे तोवर त्या मिस्त्रींसारख्यांचे ज्ञान पुढच्या पिढीकडे जायला हवे. त्यांचा मुलगा मात्र मानेसरच्या एका गोदामात नोकरीला आहे, आणि त्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या चुकीचा आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी टाळणार होतो. मामांच्या वस्तीवरच्या त्या ट्रॅक्टरचा सुरक्षा स्विच खराब झाला होता. नवीन स्विच मिळेपर्यंत थांबण्याऐवजी तो 'डायरेक्ट' केला गेला, म्हणजे दोन तारा एकत्र पिळून स्विचच वगळला. पुढे चावीही बिघडली, तेव्हा खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारण्याची सवय लागली. ठिणगी उडते, इंजिन सुरू होते, सगळे हसतात. एके सकाळी ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला होता. मामांकडे कामाला असलेले सालगडी, ज्यांना आम्ही मुले नाना म्हणत असू, मागच्या चाकापुढे उभे होते. ते वाचले, पण त्यांचा उजवा पाय गेला. मामांनी पुढे आयुष्यभर त्यांना सांभाळले, तथापि त्या घटनेचा उल्लेख आमच्या घरात कोणी करीत नसे. जगभर ट्रॅक्टरच्या अपघातांत हा प्रकार इतका परिचित आहे की काही कंपन्या स्टार्टरच्या बोल्टांवर झाकण बसवतात आणि जवळ इशाऱ्याची चिठ्ठी लावतात. म्हणून तुमच्यापैकी कोणी उद्या गटविकास अधिकारी म्हणून अवजारे बँकेच्या तपासणीला गेला, तर कागद पाहण्याआधी खाली वाकून ट्रॅक्टरच्या स्टार्टरचे बोल्ट पाहावेत. त्यांच्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या ठिणग्यांचे काळे डाग असतील, तर त्या केंद्राच्या नोंदवहीत देखभालीचा रकाना कितीही नीट भरलेला असो.

मघाशी एका विद्यार्थिनीने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, निदानाला किंमत मिळावी यासाठी नेमके काय करता येईल. मोठी योजना माझ्याजवळ नाही. अवजारे बँकेच्या दुरुस्ती देयकात 'तपासणी' असा स्वतंत्र रकाना असावा आणि भाग बदलला नाही तरी ती रक्कम द्यावी, असे मी एकदा एका बैठकीत सुचवले होते. लेखापरीक्षणात हे बसणार नाही, कारण कोणताच माल प्राप्त झालेला नाही, असे मला सांगण्यात आले. आक्षेप विनोदाने घेतलेला नव्हता. सुटा भाग आला तर त्याची पावती असते, जुना भाग जमा करता येतो, साठा नोंदवहीत नोंद होते. घासलेल्या बोल्टची नोंद कशी करायची, हा प्रश्न खरा आहे आणि तो सोडवणे तुमच्यासारख्या भावी अधिकाऱ्यांच्या हाती अधिक आहे. बाहेरचा तपासणीस आणि दुरुस्ती करणारा वेगळा ठेवणे, ही दुसरी वाट. मोठ्या बागायती तालुक्यात ती परवडेल, लहान गावात दोन माणसे मिळणार नाहीत.

मिस्त्रींकडे मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो होतो. नजर मंदावली आहे, मीटरवरचे आकडे आता त्यांचा नातू वाचून सांगतो. दाराशी पत्र्यावर हिंदीत रंगाने लिहिलेले होते : तपासणी शंभर रुपये, दुरुस्ती वेगळी. लोक देतात का, असे मी विचारले. "जुने देत नाहीत," ते म्हणाले, "नवीन पोरे देतात. पण आधी भाव करतात."